इंजिनाच्या सायकलीकडे बघायचं नाही

जुनी इंजिनाची सायकल विकत घ्यायची असेल तर तिच्याकडे बघायचं नाही. हा पहिला नियम, आणि खरं तर शेवटचाही. ती दारात उभी असो, भिंतीला टेकवलेली असो, तिच्या टाकीवर कोंबडी अंडं घालत असो, आपण आपल्या चपलांकडे बघायचं. मालकाशी बोलायचं ते भलत्याच वस्तूबद्दल. "हे कपाट द्यायचंय का हो?" असं विचारायचं. कपाटाची दारं उघडायची, नाक मुरडायचं, वाळवी आहे म्हणायचं, घासाघीस करायची आणि कपाट घ्यायचं. मग पार निघता निघता, एक पाय उंबऱ्याबाहेर पडल्यावर म्हणायचं, "आणि ते सायकलीचं लोखंड तसंच पडलंय वाटतं? टेम्पोत जागा आहे म्हणून विचारतो." मालक म्हणतो, न्या बापडे. झालं!

यात लबाडी आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सरळ जाऊन "ती गाडी द्या" म्हटलं की काय होतं ते बघा एकदा. वर्षानुवर्षं जिच्यावर ओली पोती वाळत घातली तीच गाडी एकदम वडिलांची शेवटची आठवण होते, मालकाचा गळा दाटून येतो आणि भाव गगनाला भिडतो.

इंजिनाची सायकल म्हणजे काय, हेही आता सांगावं लागतं. साधी सायकल, तिला पेडलं, आणि पेडलांच्या जरा वर मूठभर इंजिन. पेडल मारून सुरू करायची, सुरू झाली की पाय सोडायचे, चढ आला की पुन्हा मारायचे. धड सायकल नाही, धड मोटारसायकल नाही. कंपन्यांनी त्या काढणं कधीच बंद केलं. आता त्या लोकांच्या परसात, जिन्याखाली गंजत असतात आणि काही माणसं त्या शोधत हिंडतात, घरी आणतात, खोलून साफ करतात आणि पुन्हा चालू करतात. प्रत्येकाला काही ना काही वेड असतंच. कुणी दारू पितं.

आपल्या गोष्टीतल्या माणसाला सगळे शिक्केवाले म्हणत, कारण बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं रबरी शिक्के करून देण्याचं दुकान होतं. 'खरी प्रत', 'रद्द', 'पोहोचले', असले शिक्के. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, राहायला थोरल्या भावाच्या घरी मागच्या दोन खोल्या. स्वभावानं गरीब. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं असेल तर पाणी, आणि तेही घरात कुणी उठलंच असेल तर.

नियम त्यांना कर्नलनी शिकवला होता. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, त्यांचं रंगाचं दुकान होतं. मिशांमुळे नाव पडलं. गावातल्या इंजिनाच्या सायकलवाल्यांचे ते गुरू. "डोळे खाली," ते म्हणायचे, "डोळे खाली तर भाव खाली." शिक्केवाल्यांना हा नियम इतका मानवला की विचारू नका. जे हवं त्याकडे न बघणं त्यांना जन्मापासूनच जमत होतं. फक्त त्याला नियम म्हणतात हे माहीत नव्हतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. मागच्या पडवीत सायकली चकाचक उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासोबत आलेली कपाटं, आरसे, मोडके पंखे, पाळणे असं सगळं घरभर साचलं. थोरल्या भावाचं काही म्हणणं नसे. नवीन खुर्ची आली की ते जुन्या खुर्चीतून उठून नवीन खुर्चीत बसत आणि पेपर वाचत. वहिनींचं मात्र म्हणणं असे.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "लोक सायकल आणायला जातात आणि सायकल आणतात. तुम्ही एका सायकलीमागे एक कपाट आणता. आता कपाटं ठेवायला एक कपाट बघा."

"बघू," शिक्केवाले म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जेवायला वाढू का? बघू. दवाखान्यात जाऊन येता का? बघू. पूर्वी एकदोन स्थळं सांगून आली होती तेव्हाही ते बघू म्हणाले होते, आणि त्या मुलींची मुलंसुद्धा आता कामाला लागली होती.

तर एक दिवस कर्नल बातमी घेऊन आले. रेल्वे फाटकाच्या पलीकडे एका बैठ्या घराच्या शेडमध्ये इंजिनाची सायकल आहे. फार दुर्मिळ, पुढचा दिवासुद्धा शाबूत. घरात एक बाई एकट्या राहतात, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. त्यांचा भाऊ मध्यंतरी गेला, त्याचीच गाडी असणार. घर विकलंय, सामान काढतायत. "जा आणि डोळे खाली ठेव," कर्नल म्हणाले.

शिक्केवाले गेले. ऑपरेटरबाईंनी दार उघडलं. शिडशिडीत अंगकाठी, पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज असा स्वच्छ की कानात पाणी मारल्यासारखं वाटावं. शेडचं दार सताड उघडं होतं आणि गाडी उन्हात उभी होती. शिक्केवाल्यांनी ताबडतोब पाठ फिरवली आणि कपड्यांचं कपाट विकत घेतलं.

पण ते शेवटचं वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. शिक्केवाले "येतो" म्हणाले आणि नुसतं कपाट घेऊन घरी आले. पुढच्या खेपेला शिवणयंत्र घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला शिडी. शिडी टेम्पोला बांधत असताना बाई म्हणाल्या, "शेडमध्ये एक इंजिनाची सायकल पण आहे."

"हो का?" शिक्केवाले शिडीला म्हणाले.

"जो येतो तो तिच्याकडे बघतो. पोस्टमनसुद्धा बघतो. तुम्हीच तेवढे बघत नाही. मान अवघडली असेल तुमची."

शिक्केवाल्यांचे कान लाल झाले.

"बंद वस्तू मी विकत नाही," बाई म्हणाल्या. "बंद वस्तूला भंगाराचा भाव येतो. इथं येऊन चालू करून दाखवा, मग बोलू. चहा मी देईन."

तेव्हापासून दर रविवारी शिक्केवाले हत्यारांची पिशवी घेऊन फाटकापलीकडे जायला लागले. पिस्टन अडकून बसला होता. त्यात तेल ओतून आठवडाभर मुरवला, तेव्हा कुठे हलला. स्पोक एकेक करून घासले. कार्ब्युरेटरमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. टाकी आतून गंजली होती, तेव्हा तिच्यात बारीक खडी आणि रॉकेल घालून ती खळखळा हलवायची होती, हात भरून येईपर्यंत. बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, आणा इकडे. मग दोघं आळीपाळीनं टाकी हलवत बसले. एक दमलं की दुसऱ्यानं घ्यायची.

टाकी हलवता हलवता बाई बोलायच्या. टेलिफोन ऑफिसात गावोगावचे फोन जोडून देताना काय काय कानावर पडायचं ते सांगायच्या. "ऐकायचं नसतं," त्या म्हणाल्या, "पण कान काय घरी ठेवून जायचे? तीन मिनिटांचे पैसे भरून माणूस बोलायला लागतो. दोन मिनिटं पाऊस पडला का, पीकपाणी कसं, म्हशीचं कसं. वेळ संपत आली की घाईघाईनं म्हणतो, अगं, तुझी फार आठवण येते. तेवढ्यात लाईन कट. मला वाटायचं, द्यावा या सगळ्यांना एकेक धपाटा."

शिक्केवाले हसले. किती तरी वर्षांनी मोठ्यानं हसले. शेडच्या पत्र्याला आवाज लागला तेव्हा ते दचकलेच.

हे नेमकं कधी झालं ते त्यांना सांगता आलं नसतं, टाकी हलवतानाच झालं असावं, पण झालं. बाई त्यांना आवडायला लागल्या. नुसत्या आवडायला नव्हे, सोमवारपासून रविवारची वाट बघण्याइतक्या आवडायला लागल्या. दुकानात 'रद्द'चा शिक्का कोरताना हात थांबायचा. आता या वयात असं व्हावं यात लाजण्यासारखं काय आहे? काही नाही. पण गड्याला एकच रीत ठाऊक, आणि ती त्यानं मुकाट्यानं पाळली. बाई समोर येऊन बसल्या की हा कार्ब्युरेटरशी बोलायचा. बाईंनी चहा दिला की कपाची तारीफ करायचा. एकदा तर बाईंनी केसांना मोगऱ्याचं तेल लावलं होतं, वास शेडभर दरवळत होता, तर साहेब म्हणाले, "चेन चांगली राहिलीय." कपाळ!

रविवार पुरेना म्हणून ते आठवड्यातूनही जायला लागले. जायला निमित्त हवं, म्हणून एकेक वस्तू घ्यायला लागले. खुर्च्या घेतल्या. इस्त्रीचं टेबल घेतलं. पुस्तकांची मांडणी, पाण्याचं पिंप, भिंतीवरचा आरसा. बाईंना घर रिकामं करायचंच होतं, त्या देत गेल्या. शेवटी शेवटी शिक्केवाल्यांनी पडदेसुद्धा घेतले, आणि पडदे घेऊन फाटक ओलांडताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपलं काहीतरी चुकतंय.

वहिनींना ते केव्हाच कळलं होतं. पडदे बघून त्या म्हणाल्या, "भावोजी, कपाट आलं, शिडी आली, पडदे आले. सायकल कुठाय?"

"काम चालू आहे."

"बाई कशा आहेत?"

"कोण बाई?"

"पडदे कुणी दिले? भिंतीनं?" वहिनींनी पडद्याची घडी केली, पुन्हा मोडली, पुन्हा केली. "भावोजी, मी या घरात आले तेव्हा तुम्हाला मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं. मला शिकवू नका. काय असेल ते बोलून टाका त्यांच्याशी."

"बघू," शिक्केवाले म्हणाले.

वहिनींनी हात टेकले. थोरल्या भावांनी पेपराच्या आडून पडद्यांचा रंग चांगला असल्याचं सांगितलं.

शिक्केवाल्यांनी कर्नलनाही आडून आडून विचारून पाहिलं. "समजा, एखादी गोष्ट फारच हवी असली, म्हणजे अगदी जीव जाईल इतकी, तर?"

"तर अजिबातच बघायचं नाही," कर्नल म्हणाले.

इकडे गाडी तयार झाली. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण गाडी तयार झाली होती. एका रविवारी बाई आत चहा करत असताना शिक्केवाल्यांनी सहज पेडल मारलं आणि इंजिननं असा काही हुंकार दिला की त्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी चोरासारखं इंजिन बंद केलं. गाडी चालू झाली म्हणजे काम संपलं. काम संपलं म्हणजे रविवार संपले. ते खाली बसले, इंजिनच्या डाव्या बाजूचं झाकण काढलं, आतली बारीक वायर ओढून मोकळी केली आणि झाकण पुन्हा लावलं.

"आवाज आला का काही?" बाईंनी आतून विचारलं.

"आगगाडी गेली," शिक्केवाले म्हणाले.

पुढे हेच सुरू झालं. रविवारी जायचं, वायर जोडायची, बाकीचं सगळं पुसायचं, घासायचं, आवळायचं आणि निघताना वायर काढायची. "आज प्लग दगा देतोय." "आज कॉइल फार गरम होतेय." "हवा दमट आहे." बाई म्हणायच्या, "असं का?" चालू गाडी मुद्दाम बंद ठेवणं हे या लोकांत महापाप. कर्नलना कळलं असतं तर त्यांनी भर बाजारात त्यांची निर्भर्त्सना केली असती. शिक्केवाल्यांना रात्री झोप लागत नसे, आणि तरी पुढच्या रविवारी बोटं आपोआप त्या झाकणाकडे जात.

आणि मग बाईंनी तारीख सांगितली. घराच्या नव्या मालकाला येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी किल्ल्या द्यायच्या. त्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार, आगगाडीनं रात्रभर जावं लागतं इतक्या लांबच्या शहरात. बहिणीनं त्यांच्यासाठी वरची खोली रंगवायला काढली होती.

"बरं झालं," शिक्केवाले चाकाला म्हणाले. "सोबत होईल तुम्हाला."

असं म्हणाले आणि घरी जाऊन जेवले नाहीत. वहिनींनी ताट झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं. त्या रात्री त्यांनी स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल केलं ते अगदी साध्या शब्दांत: बाई गेल्या तर मला जगायला अवघड जाईल. सायकल गेली खड्ड्यात, सगळ्या सायकली गेल्या खड्ड्यात. मला बाई इथं हव्या आहेत. सकाळी उठून हे सांगायचं. मग सकाळ झाली आणि ते दुकानात गेले.

शनिवारच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. शिक्केवाले फाटक ओलांडून गेले तर घराचं दार उघडंच होतं. आत काहीच नव्हतं. भिंतींवर आरशाचा, मांडणीचा, कपाटाचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. टेलिफोन जमिनीवर होता, कारण टेबल शिक्केवाल्यांकडे होतं. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, कारण खुर्च्याही त्यांच्याकडेच होत्या.

"चहा भांड्यातून प्यावा लागेल," बाई म्हणाल्या. "कप तुम्ही नेलेत." त्यांचा आवाज खोलीभर घुमला.

"आधी गाडी बघतो," असं म्हणून शिक्केवाले शेडकडे पळाले. आज काय बिघाड सांगायचा ते वाटेत ठरवलं होतं. गाडीपाशी उकिडवे बसले, सवयीनं डावा हात सायलेन्सरवर टेकला आणि "अयायाई!" करून ओरडले. सायलेन्सर तापलेला होता.

तापलेला! बंद गाडीचा सायलेन्सर! मग त्यांनी नीट पाहिलं. टायरच्या नक्षीत ओली माती होती. मागच्या कॅरिअरला कोथिंबिरीची एक काडी अडकली होती. शिक्केवाले बोट तोंडात घालून बसून राहिले.

बाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या. "बुडवा हात," म्हणाल्या. "आत्ताच भाजी घेऊन आले. मंगळवारी बँकेत गेले होते. त्याच्या आधी दोनदा दवाखान्यात. छान चालते. खालच्या वेगाला जराशी खोकते, पण ते तिचं पहिल्यापासूनच आहे."

शिक्केवाल्यांनी पाण्यात हात बुडवला.

"वायर तुम्ही दर वेळी एकाच जागी काढता," बाई म्हणाल्या. "निदान जागा तरी बदलायची."

"तुम्हाला... तुम्हाला येते चालवायला?"

"रात्रपाळीला कशावरून जात होते मी? त्या वेळी बस नसायची. उभा जन्म हिच्यावर गेला माझा. वायरी, प्लग, चेन, सगळं मीच करायचे. मग गुडघे कुरकुरायला लागले, पिस्टन काढायची ताकद राहिली नाही, म्हणून पडून होती."

"म्हणजे ही भावाची नव्हे?"

"भावाची?" बाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. "त्याला साधी सायकलसुद्धा येत नव्हती हो. लहानपणी एकदा पडला तेव्हापासून चालत गेला तो, शेवटपर्यंत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत? इतके महिने येताय. हिच्या नटाबोल्टांची विचारपूस केलीत, पण ही कुणाची, कोण बसायचं हिच्यावर, एका शब्दानं विचारलं नाहीत." हे सांगताना बाईंच्या आवाजात हसू नव्हतं. "मी वाट बघत होते. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही पडदे मागितलेत."

खरं होतं. गाडीत रस आहे हे दाखवायचं नाही म्हणून गाडीबद्दल विचारायचं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्या गाडीवर बसून अंधारातून कामाला जाणारी बाई त्यांना कधी दिसलीच नाही. शिक्केवाल्यांना स्वतःचा असा राग आला की भाजलेलं बोट त्यांनी पाण्यातून बाहेर काढलं आणि तसंच दुखू दिलं.

दोघं घरात आले. बाई उंबऱ्यावर बसल्या. शिक्केवाले भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. चहा भांड्यात होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "घरातलं होतं नव्हतं ते सगळं तुम्ही घेतलंत. आता उरलोय मी आणि गाडी. आणि गाडी मी विकणार नाही, बहिणीकडे घेऊन जाणार आहे. तेव्हा आज तुम्ही काय घ्यायला आलात ते मला कळत नाहीये."

शिक्केवाल्यांनी छताकडे बघितलं. तिथं पंखा होता. तोंडात वाक्य तयारच होतं: पंखा द्यायचाय का हो? ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. तेवढ्यात जमिनीवरचा टेलिफोन वाजला. रिकाम्या घरात तो असा खणाणला की शिक्केवाल्यांच्या हातातला चहा हिंदकळला.

बाईंनी बसल्या बसल्या हात लांब करून फोन घेतला. बहिणीचा होता. बहिणीचा आवाज दणदणीत, आणि घरात आवाज अडवायला एक चादरही नाही. शब्द न् शब्द शिक्केवाल्यांना ऐकू येत होता.

"अक्का, भिंतीला पिवळा देऊ की निळा? रंगारी येऊन बसलाय."

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे आलेत ते."

"कोण? गाडी दुरुस्त करणारे?"

"हो."

"अजून झाली नाही दुरुस्त?"

"झाली."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग ते अजून तिथं काय करतायत?"

बाईंनी फोन शिक्केवाल्यांसमोर धरला. "तुम्हाला विचारतेय," म्हणाल्या.

शिक्केवाल्यांनी फोन घेतला. समोर बाई बसल्या होत्या. कपाळावर घामाचे बारीक थेंब, हनुवटीला इंजिनच्या तेलाचा एक काळा ठिपका, आणि बांगडी घट्ट धरलेला हात. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या. इतक्या महिन्यांत शिक्केवाल्यांनी त्यांच्याकडे असं एकदाही बघितलं नव्हतं, आणि आता बघितलं तर नजर काढता येईना.

"हॅलो?" बहीण ओरडली. "आहात का? काय करताय म्हटलं तिथं?"

"मी शिक्के करतो," शिक्केवाले म्हणाले. "नाही, तसं नाही. ऐका. गाडी कधीच तयार झाली होती. मी ती मुद्दाम बंद ठेवत होतो. मला यायचं असायचं म्हणून. मला तुमच्या बहीण हव्या आहेत. म्हणजे लग्न करायचंय, त्यांची इच्छा असेल तर. त्या गेल्या तर माझं काही खरं नाही. त्यांना तिकडे नेऊ नका."

शेवटचं वाक्य भिंतीवर आपटून परत आलं. पलीकडे रंगाऱ्यानं डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फोन तिला द्या," बहीण हळू आवाजात म्हणाली.

बाईंनी फोन घेतला. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं, आता मात्र ते ऐकू येत नव्हतं. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

"हो गं," त्या म्हणाल्या. "बोलले एकदाचे."